भेट आणि ओळख

विज्ञान हा विषय व्याख्यानाला ठेवला की पुष्कळांची अशी समजूत होते की, आता दुर्बिणीच्या, अणूच्या आणि अग्निबाणाच्या गोष्टी ऐकावयास मिळणार. त्या गोष्टी मोठ्या आहेत यात शंका नाही. परंतु त्यांचे बिऱ्हाड आपल्यापासून फार दूर आहे. आम्हांस ज्या विज्ञानाविषयी येथे बोलावयाचे आहे ते बाभुळगावातच राहते आणि आपल्या परवानगीची वाट न पाहता रोज आपल्या घरात ये-जा करते.

येथील एखाद्या कापूस पिकविणाऱ्या गृहस्थाचा एक दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी यवतमाळची एस.टी. चुकू नये म्हणून तो घड्याळाकडे पाहतो. दुकानात जाऊन किलोभर साखर घेतो आणि रुपये-पैशांत हिशेब चुकता करतो. घरातील तान्ह्या मुलाला दवाखान्यात नेऊन लस टोचून आणतो. मृगाचे दिवस जवळ आले की कृषी केंद्रातून सरकीच्या बियाण्याची थैली आणतो आणि पुढे श्रावण-भाद्रपदात त्याच दुकानातून औषधाची बाटली आणतो. सूर्य मावळेपर्यंत हा मनुष्य निदान दहा वेळा विज्ञानाला भेटलेला असतो.

परंतु भेट निराळी आणि ओळख निराळी. एकाच गाडीने रोज प्रवास करणारी दोन माणसे वर्षानुवर्षे एकमेकांना भेटतात. पण नाव, गाव, स्वभाव यांची विचारपूस होईपर्यंत त्यांची ओळख झाली असे आपण म्हणत नाही. विज्ञानाचेही तसेच आहे. ते कोणकोणत्या दारांनी आपल्याकडे आले, त्यांपैकी कोणते आपल्या ओळखीचे झाले, कोणते अनोळखीच राहिले आणि त्या अनोळखीपणाची किंमत आपण काय मोजली, हा एक इतिहासच आहे. राजेरजवाड्यांच्या इतिहासात त्याला फारशी जागा मिळत नाही, म्हणून तो या निमित्ताने थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

कापसामागून आलेले घड्याळ

वऱ्हाडात घड्याळ आले ते कापसाच्या पाठोपाठ. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. पुढे १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा त्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीकडे वळली. कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत नेण्यास बैलगाड्या पुरेनात. भुसावळहून निघालेली रेल्वे १८६७ साली नागपूरला पोहोचली; तिच्यावरच आपले धामणगाव स्टेशन आहे. यवतमाळहून धामणगावकडे जाणारा रस्ता बाभुळगावावरून जातो, आणि या रस्त्याने किती कापूस स्टेशनापर्यंत गेला असेल याची कल्पना कोणालाही करता येईल. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची गाडी पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी आली. ‘शकुंतला’ या नावाने लोकांच्या जिभेवर राहिलेली ती गाडी आता धावत नाही. पण तीही कापसासाठीच बांधलेली होती.

रेल्वे येण्यापूर्वी आमच्याकडे वेळ मोजण्याचे साधन नव्हते असे कोणी समजू नये. पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी सोडावयाची. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटे झाली. अशा साठ घटिकांचा एक अहोरात्र. लग्नाचा मुहूर्त या घटिकापात्रावर धरीत असत आणि मांडवातील प्रत्येकाला ती वाटी बुडताना दिसत असे. मात्र ही वेळ त्या त्या गावची असे. बाभुळगावची दुपार बाभुळगावच्या सूर्याने ठरे आणि मुंबईची दुपार मुंबईच्या.

आगगाडीला हे परवडणारे नव्हते. प्रत्येक स्टेशनाची वेळ निराळी मानली तर गाड्यांचे वेळापत्रक छापणार कसे? म्हणून रेल्वेवर बरीच वर्षे मद्रासची वेळ चाले, आणि १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशासाठी ८२॥ अंश रेखांशावरची एकच वेळ ठरविण्यात आली. आज आपल्या मनगटावर आहे ती हीच. मुंबईकरांना तिचा फार राग आला. त्यांच्या सूर्यापेक्षा ती ३९ मिनिटे पुढे होती, आणि सरकारने आपल्या दिवसातील ३९ मिनिटे हिसकावून घेतली अशी त्यांची भावना झाली. मुंबईच्या नगरपालिकेने आपली जुनी वेळ पुढे कित्येक दशके सोडली नाही.

बाभुळगावच्या वाट्याला हा फरक किती आला? हिशेब सोपा आहे. पृथ्वी एक अंश फिरावयास चार मिनिटे घेते. आपले गाव ७८ अंशांच्या किंचित पुढे आहे. ८२॥ पर्यंतचे अंतर सुमारे सव्वाचार अंश. म्हणजे सुमारे सतरा मिनिटे. घड्याळात बाराचे ठोके पडतात तेव्हा सूर्य आपल्या डोक्यावर आलेला नसतो. त्याला सरासरी सतरा मिनिटे उशीर असतो. ही सतरा मिनिटे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होती? फार थोड्यांना. घड्याळ आले, त्याने हुकूम सोडला आणि आपण तो पाळला. त्याचे कारण कोणी सांगितले नाही आणि आपणही विचारले नाही. येथे ओळख न झाल्याने कोणाचे नुकसान झाले नाही, हे खरे. परंतु सर्वच बाबतीत मनुष्य इतक्या स्वस्तात सुटत नाही.

सोळा आण्यांची पडताळणी

आता याच्या उलट उदाहरण पाहू. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्या देशात दशमान नाणी सुरू झाली. सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा आणि एकशे ब्याण्णव पैंचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. दीड वर्षाने, १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलोग्रॅमची वजने येऊ लागली आणि १९६२ च्या एप्रिलपासून तोळा, शेर, मण यांना व्यवहारातून रजा मिळाली. एवढ्या मोठ्या देशात, जेथे बहुसंख्य माणसांना लिहिता-वाचता येत नव्हते तेथे, पाच वर्षांत वजन आणि नाणे ही दोन्ही बदलली. ही गोष्ट आपण फार सहज विसरतो.

हे सुखासुखी झाले असे मात्र नाही. एका आण्याचे बरोबर सव्वासहा नवे पैसे होतात आणि सव्वाचे नाणे तर नाही! म्हणून सरकारी तक्त्यात एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना पंचवीस अशी सोय केली होती. आता पाहा: एक-एक आण्याच्या तीन वस्तू निरनिराळ्या वेळी घेतल्या तर अठरा पैसे पडतात आणि एकदम घेतल्या तर एकोणीस. या एका पैशावरून दुकानदुकानांत केवढे वाद झाले असतील! परंतु आम्हांस तो वाद शुभचिन्ह वाटतो. भाजी विकणारी बाई आणि भाजी घेणारी बाई, दोघींनाही हिशेब पडताळून पाहता येत होता. लहानपणी पाठ केलेली पावकी, निमकी, सवायकी आणि दिडकी कामी येत होती. तक्ते मराठीत छापलेले होते, शाळेतील गुरुजी ते मुलांकडून घोकून घेत होते आणि मुले ते घरी आजीला समजावून सांगत होती. आजीच्या तोंडी ‘चार आणे’ शेवटपर्यंत राहिले, ही गोष्ट निराळी. पण ती फसली नाही.

शेर म्हणजे ८० तोळे, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. किलो त्याहून थोडा मोठा, हे एकदा हाताला कळले की किलो आपला झाला. जुने अगदी गेले असेही नव्हे. सरकी काढलेल्या रुईचा भाव बाजारात अजूनही खंडीवर सांगतात आणि ही खंडी ३५६ किलोंची धरतात. कारण इंग्रजी अमदानीतील ७८४ पौंडांची कापसाची खंडी त्या किलोंच्या आत जशीच्या तशी बसलेली आहे. नवे माप जुन्याला ओळखून आले म्हणजे असे गोडीने नांदते.

यातून जो बोध आम्हांस घ्यावासा वाटतो तो एवढाच: ज्या गोष्टीचे कारण आपल्या भाषेत सांगितलेले असते आणि जिचा पडताळा आपल्या हाताने पाहता येतो, ती गोष्ट कितीही नवी असली तरी सामान्य माणूस तिला आपलीशी करतो.

सुई आणि शिपाई

तिसरे दार दवाखान्याचे. देवीच्या रोगावरची लस मुंबईत प्रथम टोचली गेली ती १४ जून १८०२ रोजी, एका तीन वर्षांच्या मुलीला. गाईंना होणाऱ्या सौम्य देवीची लागण झालेल्या माणसाला मोठी देवी येत नाही, हे इंग्लंडमधील गवळणींच्या बोलण्यात होते. जेन्नर नावाच्या डॉक्टरने १७९६ मध्ये त्याचा पडताळा घेतला. म्हणजे या विद्येचा उगमही गोठ्यातलाच. तरीदेखील आपल्याकडे ती रुळावयास फार काळ लागला. रोगालाच आपण देवी म्हणत होतो. तेव्हा तो दूर ठेवणे म्हणजे देवीचा कोप ओढवून घेणे, असे वाटणाऱ्या आईला हसण्याचे काही कारण नाही. तिच्याशी तिच्या भाषेत कोणी बोललेच नव्हते.

न बोलता केलेल्या उपायाचे काय होते, हे १८९७ सालाने महाराष्ट्राला दाखविले. आदल्या वर्षी मुंबईत प्लेग उद्भवला होता. हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात प्लेगचा बंदोबस्त शिपायांच्या हाती देण्यात आला. शिपाई घरांत शिरले, देवघरांत शिरले आणि माणसांना ओढून छावण्यांत नेऊ लागले. रोग्याला निराळे ठेवावे हे तत्त्व शास्त्राला धरून होते. पण ते बंदुकीच्या दस्त्याने सांगितले गेले. लोक रोगापेक्षा उपायाला भिऊ लागले आणि रोगी लपवू लागले. त्याचा शेवट रँडवरील गोळीबारात झाला. आणि त्याच वर्षी, त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगने आजारी पडलेल्या मुलाला पाठीवर घेऊन आपल्या डॉक्टर मुलाच्या दवाखान्याकडे निघाल्या. शुश्रूषा करताना त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. शास्त्र तेच, परंतु कोणाच्या हातून ते दारात येते, यावर माणूस दार उघडतो की लावून घेतो हे ठरते.

देवीचा शेवट मात्र निराळ्या रीतीने झाला. १९७३ ते १९७५ या काळात देशभर जी मोहीम झाली, तीत आरोग्यसेवक घरोघर एक चित्राचे कार्ड घेऊन जात. त्यावर देवी आलेल्या मुलाचे चित्र असे. “असा मुलगा कोठे दिसला का?” एवढाच प्रश्न. रोगी दाखविणाऱ्याला बक्षीस असे. वाचता न येणाऱ्या बाईलाही चित्र कळत होते. गुराख्याला आणि शाळकरी पोरालाही कळत होते. लाखो माणसे त्या शोधात सामील झाली. १९७५ च्या मे महिन्यात देवीचा शेवटचा रोगी आपल्या देशात सापडला आणि १९७७ मध्ये भारत देवीमुक्त ठरला. लस जुनीच होती. नवीन होते ते हे की, लोकांना या कामात नुसते दंड पुढे करणारे न मानता शोधणारे मानले.

थैलीतली लहान पुडी

आता आम्ही आपल्या शेताच्या बांधावर येतो, कारण या सगळ्या कथनाचे प्रयोजन तेथेच आहे.

मातीत एक सूक्ष्म जंतू असतो. जपानमधील इशिवाता नावाच्या शास्त्रज्ञाला १९०१ साली तो मेलेल्या रेशमाच्या किड्यांत आढळला. पुढे जर्मनीतील थुरिंगिया प्रांतावरून त्याला नाव मिळाले. त्या नावाची आद्याक्षरे म्हणजे ‘बीटी’. हा जंतू असे एक प्रथिन तयार करतो की, ते पोटात गेले की विशिष्ट अळ्यांच्या आतड्याला छिद्रे पडतात. शास्त्रज्ञांनी त्या प्रथिनाचा गुण कपाशीच्या बियाण्यात घातला आणि मार्च २००२ मध्ये आपल्या देशात असे बियाणे विकण्यास परवानगी मिळाली. पहिल्या वर्षांत बोंडअळी हटली आणि तिच्यासाठीच्या फवारण्या कमी झाल्या. थोड्याच वर्षांत यवतमाळ जिल्ह्यातील बहुतेक सगळी पऱ्हाटी बीटीची झाली.

या बियाण्याच्या थैलीत ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅमची आणखी एक लहान पुडी येत असे. तीत साधे, बीटी नसलेले बियाणे असे. ते शेताच्या कडेने निदान पाच ओळी लावावे असा नियम होता. आता शेतकऱ्याच्या जागी उभे राहून विचार करा. अळीपासून सुटका व्हावी म्हणून महागाचे बियाणे घेतले, आणि वर अळीला खाण्यासाठी पाच ओळी मुद्दाम लावावयाच्या? हे कोणाच्या बुद्धीला पटेल? शिवाय पुडीतील बी चांगले उगवत नाही अशीही शेतकऱ्यांची तक्रार असे. पुष्कळांनी ती पुडी बाजूला टाकून दिली. आम्ही त्यांना दोष देत नाही. पुडीचे कारण त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते.

ते कारण असे होते. लाखो अळ्यांत एखादी अळी जन्मतःच अशी असते की बीटीने मरत नाही. सगळे शेत बीटीचे असेल तर बाकीच्या मरतात आणि या चिवट अळ्यांचेच पतंग उरतात. त्यांचा एकमेकांशी संयोग झाला म्हणजे सगळी प्रजा चिवट निघते. पण कडेला साध्या पऱ्हाटीच्या पाच ओळी असतील तर तेथे साध्या अळ्या भरपूर वाढतात, त्यांचे पतंग शेतभर हिंडतात आणि चिवट पतंगाची गाठ बहुधा साध्याशीच पडते. अशा संयोगातून झालेली प्रजा सामान्यतः बीटी खाऊन मरते. म्हणजे त्या पाच ओळी अळीची मेजवानी नसून बियाण्याचा विमा होत्या. खळ्यावर पाखरांचा वाटा ठेवणाऱ्या शेतकऱ्याला हा हिशेब समजला नसता, असे म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही.

याचा पुरावाही आपल्याच शिवारात आहे. हिरवी बोंडअळी, जिला आपण हरभऱ्यावर घाटेअळी म्हणतो, ती तुरीवर, हरभऱ्यावर आणि इतर पुष्कळ पिकांवर जगते. कपाशीतील तुरीच्या तासांनी तिच्यासाठी न सांगताच त्या पाच ओळींचे काम केले आणि ती बीटीला पुष्कळ काळ वचकून राहिली. शेंदरी बोंडअळी, जिला आता गुलाबी म्हणतात, ती मात्र जवळजवळ कपाशीवरच जगते. तिला दुसरे बिऱ्हाड नव्हते. म्हणून बीटीला प्रथम दाद न देणारी झाली ती हीच: गुजरातेत २०१० च्या सुमारास, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात तिने बोंडेच्या बोंडे आतून पोखरून टाकली. त्यातच फरदड घेण्याची रीत, म्हणजे हंगाम संपल्यावरही पाणी देऊन पऱ्हाटी उभी ठेवण्याची. बेंबळेचे पाणी आले, खडकसावंग्याचे धरण झाले, ही आपल्या तालुक्याच्या भाग्याची गोष्ट आहे. पण पाणी आहे म्हणून पऱ्हाटी उन्हाळ्यापर्यंत उभी ठेवली तर अळीचा वंश एका हंगामातून दुसऱ्या हंगामात अखंड चालतो, हेही त्या पाण्याबरोबर सांगितले गेले पाहिजे.

त्याच २०१७ सालच्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यावर दुसरा घाला पडला. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यातील वीसांहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो माणसे दवाखान्यांत पोहोचली. सरकारने चौकशीस विशेष पथक नेमले. जी कारणे पुढे आली ती आपल्याला ठाऊक आहेत: त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीपेक्षा वर गेलेली, त्यामुळे फवारा खाली न पडता तोंडावर येत असे; दोन-तीन औषधे एकत्र कालविलेली; बारीक तुषार उडविणारे नवे पंप; उष्मा आणि दमटपणा; आणि अंगावर रोजचाच सदरा.

विषाच्या प्रत्येक बाटलीवर एक उभा, टोकावर ठेवलेला चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची जात सांगतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याच्या खालोखाल, निळा मध्यम आणि हिरवा त्यांत सौम्य. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालच्या नियमांनी ही खूण ठरविलेली आहे आणि बाटलीबरोबर माहितीपत्रकही असते. म्हणजे विज्ञानाने आपले म्हणणे सांगितले नव्हते असे नाही. पण ते इतक्या बारीक अक्षरांत सांगितले की डोळ्यांपर्यंत पोहोचले नाही. आणि पुष्कळदा फवारणारा असतो रोजाने आलेला मजूर. बाटली त्याने विकत घेतलेली नसते, तिची निवड त्याने केलेली नसते, पत्रक त्याने पाहिलेलेही नसते. त्याच्या पाठीवर चढतो तो कालवून तयार केलेला पंप. विष नाकातूनच जाते असे नव्हे, भिजलेल्या कातडीतूनही जाते, हे त्याला कोणी सांगावयाचे?

देवीच्या कार्डावरील चित्र लाखो निरक्षर माणसांना कळले आणि त्यानंतर चाळीस-बेचाळीस वर्षांनी बाटलीवरील चौकोन आपल्या माणसांना कळला नाही. या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्या म्हणजे आमचे म्हणणे निराळे सांगावे लागत नाही. फरक बुद्धीचा नव्हता. एकीकडे घरोघर जाऊन चित्र दाखविणारा माणूस होता. दुसरीकडे तो नव्हता.

ओळख करून देणारे

असा माणूस व्हावे ही हौस मराठीत नवी नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढले ते मराठी वाचकाला सृष्टीचे आणि शास्त्रांचे ज्ञान व्हावे म्हणून. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आज गावोगाव चालणारी ही व्याख्याने त्याच वेलीचा विस्तार होत. कोल्हापूरचे बाळाजी प्रभाकर मोडक यांनी शास्त्रीय विषयांवर मराठीत ग्रंथ लिहिले. १९२८ मध्ये ‘सृष्टिज्ञान’ मासिक निघाले आणि १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. या सर्वांनी एकच काम केले: भेटलेल्या विज्ञानाची मराठी माणसाशी ओळख करून दिली. ते काम संपले नाही. ते पुण्या-मुंबईहून निघून आपल्या तालुक्यापर्यंत, आणि तालुक्यातून तुरीच्या तासापर्यंत यावयाचे आहे.

त्यासाठी फार मोठ्या योजना नकोत. जो बियाणे विकतो त्याने पुडीचे कारण सांगावे, आणि न सांगितल्यास घेणाऱ्याने विचारावे. फवारणीच्या दिवसांत त्या चार रंगांचा चौकोन मोठा करून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर काढावा. शाळेतील मुलांना सांगितले तर ती एका दुपारी काढतील. मजुराच्या पाठीवर पंप देण्यापूर्वी बाटलीचा रंग कोणता, एवढे त्याला सांगणे मालकाने आपले कर्तव्य मानावे. आणि शहाण्यासुरत्या माणसाने ‘हे असे का?’ हे विचारण्याची लाज बाळगू नये. सोळा आण्यांचा हिशेब एका पैशासाठी भांडून पडताळणारी आपली माणसे. जिवाचा हिशेब त्यांनी न पडताळता का सोडावा?

आता ही सवय लावून घेण्यासाठी एक लहानसा प्रयोग सांगून आम्ही थांबतो. मे महिन्याच्या २३ तारखेच्या सुमारास, आकाश निरभ्र असेल त्या दिवशी, अंगणात सरळ काठी ओळंब्याने उभी रोवावी. घड्याळात बारा वाजता तिची सावली थोडी तरी पडलेली दिसेल. तिच्याकडे पाहत राहावे. ती आखडत आखडत सव्वाबाराच्या आसपास काठीच्या बुंध्याशी नाहीशी होईल. कारण त्या दिवसांत सूर्य बाभुळगावच्या बरोबर डोक्यावरून जातो, आणि तो तेथे घड्याळाच्या मागून पोहोचतो. घरातील मुलांना बोलावून हे दाखवावे आणि उशीर का होतो ते त्यांनाच शोधू द्यावे. काठीला खर्च नाही आणि अंगण आपलेच आहे.